पायऱ्यांचा देश श्रीलंका



या सदरात आजवर आपण बहुतेक जवळच्याच वाटा चाललो. कार्ले, कान्हेरी, अजिंठा आणि फार तर बोधगया-सारनाथ. गेल्या काही दिवसांत मात्र तीन-चार पत्रे एकाच मजकुराची आली. मुले नोकरीला लागली आहेत, हाताशी थोडी शिल्लक आहे, आयुष्यात एकदा तरी विमानात बसून बाहेरचा देश पाहायचा आहे. तरुण मंडळींना डोंगर, जंगल आणि समुद्र हवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना धम्माच्या खुणा पाहायच्या आहेत. एका खर्चात दोन्ही कोठे जमेल?

माझे उत्तर आहे श्रीलंका. हा देश आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा, ६५ हजार ६१० चौरस किलोमीटरचा आहे. मुंबईहून विमानाने कोलंबो अडीच-तीन तासांवर. एवढ्याशा बेटावर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतील आठ ठिकाणे आहेत. सकाळी दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप पाहावा आणि संध्याकाळी रानहत्तींचा कळप पाहावा, असे तेथे सहज घडते. जेवण भाताचे, हवा कोकणासारखी, त्यामुळे आपल्या माणसाला परके वाटत नाही.

पण या देशाची खरी ओळख पायऱ्यांत आहे. तेथे पाहण्यासारखे जे जे आहे ते उंचावर आहे, आणि गाडीतून न उतरणाऱ्याला त्यातले निम्मेही दिसत नाही. पायांबरोबर डोळेही उघडे ठेवले तर आणखी काही दिसते. त्याविषयी शेवटी लिहिणार आहे. आधी वाट पाहू.

मिहिंतले : प्रश्नापासून सुरुवात

आपल्या लोकांनी सुरुवात मिहिंतले येथून करावी. कोलंबोच्या उत्तरेस सुमारे दोनशे किलोमीटरवर अनुराधापूर आणि त्याच्या जवळच हा डोंगर. वर जाण्यास १८४० दगडी पायऱ्या आहेत, पण त्या रुंद आणि बेताच्या असल्याने साठीतली माणसेही बसत-उठत चढतात. गाडीने अर्ध्या वाटेपर्यंत जाण्याचीही सोय आहे.

इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचा पुत्र महिंद थेर येथे आला, आणि शिकारीला निघालेला राजा देवानंपिय तिस्स त्याला येथेच भेटला, असे महावंस हा पाली ग्रंथ सांगतो. महिंदाने लगेच उपदेश सुरू केला नाही. समोरच्या आंब्याच्या झाडावरून त्याने राजाला एकापुढे एक प्रश्न विचारले. हे झाड कोणते, याशिवाय आंब्याची आणखी झाडे आहेत काय, आंब्याखेरीज इतर झाडे आहेत काय. राजाला विचार करता येतो हे पाहूनच पुढचे बोलणे झाले. मुलांना ही गोष्ट त्या डोंगरावर उभे राहून सांगावी. धम्म या बेटावर आला तो प्रश्नोत्तराच्या वाटेने आला, हे त्यांच्या कायम लक्षात राहील.

कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या माझ्यासारख्याला मिहिंतलेची आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. तेथील भोजनशाळेच्या परिसरात दहाव्या शतकातील राजा चौथा महिंद याचे दोन मोठे शिलापट उभे आहेत. विहाराचा कारभार कसा चालवावा, कोणत्या सेवकाला काय वेतन द्यावे आणि हिशेब कसा लिहून ठेवावा, याचे नियम त्यांवर कोरलेले आहेत. विहाराचा जमाखर्च दगडावर कोरून सर्वांसमोर ठेवण्याची ही रीत आपल्या गावोगावच्या विहार समित्यांनी आवर्जून पाहावी. डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या रुग्णालयाचे अवशेषही आहेत. रोग्याला औषधी तेलात किंवा काढ्यात झोपविण्याची माणसाच्या आकाराची दगडी द्रोणी तेथे आजही पाहायला मिळते.

अनुराधापूर : आपल्या ओळखीचे झाड

अनुराधापूरला जय श्री महाबोधी आहे. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी अशोककन्या संघमित्रा थेरीने येथे आणली. माणसाने लावलेले आणि लावल्याची नोंद असलेले जगातील सर्वात जुने झाड म्हणून त्याची ख्याती आहे. सोनेरी कठड्याआड, लोखंडी टेकूंवर तोलून धरलेल्या त्याच्या फांद्या पाहताना नागपूरची आठवण यावी. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाच्या रोपांपासून वाढला. ती रोपे भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणली होती. पांढरी वस्त्रे नेसून, हातात कमळे घेऊन शांतपणे रांगेत उभी असलेली कुटुंबे पाहिली की आपलेच लोक भेटल्यासारखे वाटते.

भगिनींनी येथे संघमित्रेचे कार्य समजून घ्यावे. राजघराण्यातील अनुला आणि तिच्यासोबतच्या स्त्रियांना तिने प्रव्रज्या दिली आणि भिक्षुणीसंघ उभा राहिला. पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास तो लुप्त झाला. १९९६ साली आपल्या सारनाथ येथे श्रीलंकेच्या दहा स्त्रियांनी उपसंपदा घेतली आणि १९९८ पासून दंबुल्ल येथे ती देण्यास सुरुवात झाली. सर्व थेरांना हे अजून मान्य नाही. म्हणजे जवळजवळ हजार वर्षे बंद असलेले दार उघडण्याची सुरुवात सारनाथहून झाली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

जेतवनाराम स्तूप मुद्दाम पाहावा. राजा महासेनाने तिसऱ्या शतकात तो बांधण्यास घेतला. मुळात तो सुमारे १२२ मीटर उंच होता. नऊ कोटींहून अधिक विटा त्याला लागल्या, असा अंदाज आहे. त्याच्या सावलीत बसून त्या विटा कोणी भाजल्या आणि कोणी वाहिल्या, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

सिगिरिया : राजा गेला, माणसे उरली

तरुणांचे आवडते ठिकाण म्हणजे सिगिरिया. सपाट जंगलातून सुमारे दोनशे मीटर सरळ वर आलेला एक प्रचंड खडक. बापाला मारून गादीवर बसलेल्या कश्यप राजाने (इ. स. ४७७ ते ४९५) भावाच्या भीतीने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वाटेत सिंहाचे दोन अजस्र पंजे आहेत आणि त्यांच्यामधून लोखंडी जिन्याने वर जावे लागते. ज्यांना उंचीची भोवळ येते त्यांनी पंजांपर्यंतच जावे. सकाळी दार उघडताच चढावे, कारण दहानंतर खडक तापतो. कड्याला गांधीलमाश्यांची मोठमोठी पोळी आहेत. तेथे आरडाओरड करू नये, ही सूचना गमतीने घेऊ नये.

वाटेत खडकात रंगविलेल्या स्त्रियांची चित्रे आहेत. अजिंठा पाहिलेल्याला ती ओळखीची वाटतात. पण मला त्यांच्यापेक्षा त्याखालची गुळगुळीत आरसेभिंत अधिक बोलकी वाटते. राजवाडा ओस पडल्यावर शेकडो वर्षे जे प्रवासी आले त्यांनी या भिंतीवर बारीक अक्षरांत कविता कोरल्या. भिक्षू, अधिकारी, कारागीर, स्त्रिया, सर्वांनी. सेनरत परणवितान या विद्वानांनी त्यांतील ६८५ रचना वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. कार्ले-कान्हेरीच्या शिलालेखांतून सुतार, व्यापारी, भिक्षुणी यांची नावे आजही वाचता येतात, तसेच हे आहे. मात्र त्यांचे पाहून आपले नाव भिंतीवर कोरण्याचा मोह कोणाही तरुणास होऊ नये. आता तो गुन्हा आहे.

जवळच दंबुल्लची पाच चित्रित लेणी आहेत. पूर्वेला पोलोन्नरुव येथे गल विहाराच्या एकाच सलग खडकात कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. त्यांतील पहुडलेली मूर्ती सुमारे १४ मीटर लांब. ज्या पराक्रमबाहू राजाच्या काळी (बारावे शतक) त्या घडल्या, त्याने पावसाचे पाणी शेताला लागल्याशिवाय समुद्रात जाऊ द्यायचे नाही असे धोरण ठेवले आणि पराक्रम समुद्र नावाचा विशाल तलाव उभा केला. त्याच्या बांधावरून सायकलने फिरता येते. सायकली भाड्याने मिळतात आणि सबंध जुने शहर सायकलने पाहणे हा मुलांना मोठा आनंद असतो. दुष्काळी भागातल्या वाचकांनी तो तलाव डोळे भरून पाहावा.

श्रीपाद : रात्रीची चढण

आता या प्रवासातले सर्वात कठीण आणि सर्वात सुंदर काम. श्रीपाद पर्वत २२४३ मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरनी अधिक. नल्लतन्नी गावाकडून पाच हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातील वैशाख पौर्णिमेपर्यंत हंगाम असतो. त्या काळात सबंध वाटेवर दिवे लागतात आणि चहाची दुकाने उघडी असतात. लोक मध्यरात्रीनंतर चढू लागतात आणि सूर्योदयाला माथ्यावर पोहोचतात. सूर्य वर आला की पर्वताची त्रिकोणी सावली पलीकडच्या धुक्यावर पडते. ती पाहण्यासाठीच हा खटाटोप.

माथ्यावरच्या खडकातील पाऊलखूण बौद्ध लोक बुद्धाची मानतात, हिंदू शिवाची, मुसलमान आदमची, आणि ख्रिस्ती लोकांतही संत थॉमस वा आदमची म्हणण्याची परंपरा आहे. प्रवासी इब्न बतूता १३४४ साली येथे चढून गेला होता. पाऊल खरोखर कोणाचे, हा वाद येथे घालू नये. बुद्ध श्रीलंकेत आले होते याला महावंसातील कथेखेरीज ऐतिहासिक पुरावा नाही, आणि आपली श्रद्धा पाऊलखुणेवर टेकलेलीही नाही. येथे पाहायची ती चढणारी माणसे. तान्हे मूल कडेवर घेतलेली आई, काठी टेकत जाणारी म्हातारी, हे सगळे एकाच पायरीवर असतात. येणारे-जाणारे एकमेकांना 'करुणावयी' म्हणून करुणेच्या शुभेच्छा देतात. माथ्यावर घंटा आहे. ज्याची जितकी वारी झाली असेल तितके टोले त्याने द्यायचे.

वर कडाक्याची थंडी असते. स्वेटर, कानटोपी, विजेरी आणि पाणी जवळ हवे. गुडघ्याचे दुखणे असणाऱ्यांनी जाऊ नये. चढण्यापेक्षा उतरणे जड जाते. रक्तदाबाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

रान, नदी आणि कडा

ज्यांचे पाय अजून शिवशिवत असतील त्यांनी हॉर्टन पठारावर जावे. सुमारे नऊ किलोमीटरची सोपी चाल आहे आणि मध्ये 'जगाचे टोक' नावाचा आठशे मीटरहून अधिक खोल कडा. सकाळी लवकर गेलात तर दरी दिसते, नंतर धुके सगळे झाकून टाकते. दारावरच पिशव्या तपासून प्लास्टिक काढून घेतात. किटुलगल येथे केळणी नदीत रबरी होड्यांतून खळाळत्या पाण्यावरून जाता येते. पोहता येत असले तरी जॅकेट व शिरस्त्राण घातल्याशिवाय होडीत बसू नये. हत्ती पाहण्यास उडवलवे वर्षभर चांगले. मिन्नेरिया तलावाच्या कोरड्या पात्रात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेकडो हत्ती एकत्र जमतात. बिबट्यासाठी याल प्रसिद्ध आहे. दक्षिण किनाऱ्यावरील मिरिस्स येथून डिसेंबर ते एप्रिल या काळात बोटीतून देवमासे पाहता येतात.

चहाच्या मळ्यांत थांबा

कँडी, हॅटन, नुवर एलिय हा सगळा डोंगर चहाच्या हिरव्या मळ्यांनी झाकलेला आहे. प्रवासी तेथे उतरतात, पाने खुडणाऱ्या बायांसोबत छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. आपण थोडे अधिक थांबावे.

१८६७ साली जेम्स टेलर या इंग्रज अमलातील मळेवाल्याने तेथे चहाची पहिली मोठी लागवड केली. त्याआधीच्या कॉफीच्या मळ्यांसाठी आणि नंतर चहासाठी मजूर आणले गेले ते मद्रास इलाख्यातून. त्यांतले फार मोठ्या संख्येने पल्लर, परैयर, चक्किलियर अशा अस्पृश्य गणलेल्या जातींचे होते. उपासमार आणि जात या दोन्हींतून सुटण्यासाठी ते समुद्र ओलांडून आले. त्यांना मिळाली ती एका ओळीत बांधलेली दहा बाय दहाची खोली. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने या लाखो मजुरांना कोणत्याच देशाचे नागरिक ठेवले नाही. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने सव्वापाच लाखांना भारतात पाठवायचे आणि तीन लाखांना श्रीलंकेने ठेवायचे, अशी माणसांची वाटणी झाली. उरलेल्यांचा प्रश्न पूर्णपणे सुटण्यास २००३ चा कायदा यावा लागला. आपण घोट घेतो त्या चहामागे पंचावन्न वर्षांचे हे बेघरपण आहे. या मायबहिणींशी बोलताना 'वणक्कम' म्हणावे, परवानगी घेतल्याशिवाय छायाचित्र काढू नये.

बाबासाहेबांचा प्रश्न

२५ मे १९५० रोजी कँडी येथील दंतमंदिरात जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची स्थापना झाली. २७ देशांचे प्रतिनिधी आले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी श्रीलंकेत गेले होते. बौद्ध देशात धम्म लोकांच्या प्रत्यक्ष जगण्यात कितपत जिवंत आहे, हे त्यांना स्वतः पाहायचे होते. सहा वर्षांनी नागपूरला जे घडले ते आपण जाणतोच.

तोच प्रश्न घेऊन आपणही कँडीत जावे. दंतमंदिर पाहावे, ऑगस्टच्या सुमारास गेलात तर एसल पेरहेराची मिरवणूक पाहावी. पण हेही जाणून घ्यावे की १७५३ साली सयामहून आलेल्या उपाली थेरांनी जो उपसंपदा-संघ पुन्हा सुरू केला, तो पुढे थोड्याच वर्षांत केवळ गोविगम या शेतकरी उच्च जातीपुरता राखला गेला. ज्यांना दार बंद झाले ते समुद्रकाठचे लोक ब्रह्मदेशात गेले, तेथून उपसंपदा घेऊन आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरपूर निकाय उभा राहिला. आजही रविवारच्या वर्तमानपत्रांतील विवाहाच्या जाहिरातींत बौद्ध या शब्दाशेजारी जात लिहिलेली आढळते. आपल्याकडची गावकुसाबाहेरची अस्पृश्यता तेथे त्या रूपात नाही. पण दोन हजार वर्षे बुद्धाला वंदन करूनही जात शिल्लक राहू शकते, हे मात्र दिसते. १९८३ ते २००९ या काळात सिंहली-तमिळ संघर्षाने हजारो घरे उद्ध्वस्त केली. अनुराधापुरात १९८५ साली आणि दंतमंदिरासमोर १९९८ साली तमिळ वाघांच्या हल्ल्यांत निरपराध भाविक मेले, आणि उत्तरेत तमिळ माणसेही तशीच मेली.

हे वाचून कोणी म्हणेल, मग कशाला जायचे? याच कारणासाठी जायचे. पूर्वजांनी केवढे उभे केले हे स्तूपांत दिसते, आणि नुसती वंदना करून समता येत नाही हे संघाच्या इतिहासात दिसते. आपल्या वस्तीत पोटजातींचे कप्पे अजून शाबूत असतील, सोयरिकीच्या वेळी ते वर येत असतील, तर कँडीत उभे राहून आपल्याच घराकडे पाहिल्यासारखे होईल. दुसऱ्याचे दोष मोजायला एवढा खर्च करण्याची गरज नाही. आपले दोष तेथे लवकर कळतात, म्हणून जावे.

आपली माणसे या देशात शिकायला गेली आहेत, हेही विसरू नये. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पाली शिकले. राहुल सांकृत्यायन आणि भदंत आनंद कौसल्यायन केळणीच्या विद्यालंकारात घडले. कोलंबोला उतरल्यावर केळणी विहार अवघ्या काही किलोमीटरवर आहे.

काही कामाच्या गोष्टी

डिसेंबर ते मार्च हा काळ डोंगर आणि दक्षिण किनाऱ्यासाठी उत्तम. नऊ दिवस हाताशी असावेत : केळणी, अनुराधापूर, मिहिंतले, पोलोन्नरुव, सिगिरिया-दंबुल्ल, मग मातलेजवळचा आलुविहार (इसवी सनपूर्व पहिल्या शतकात त्रिपिटक प्रथम ताडपत्रांवर लिहिले गेले ते येथे), कँडी, नुवर एलिय, श्रीपाद, आणि परतताना किटुलगल. श्रीपादनंतरचा एक दिवस पायांना विश्रांतीसाठी मोकळा ठेवा.

कँडीकडून एल्लकडे जाणारी डोंगरातली रेल्वे फार सुंदर, परंतु नोव्हेंबर २०२५ च्या 'दित्वा' चक्रीवादळात दरडी कोसळून मार्गाचे मोठे नुकसान झाले. गाडी कोठपर्यंत चालते याची चौकशी करूनच बेत आखावा. व्हिसाचे नियमही बदलत असतात, ते सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत. सार्क देशांच्या नागरिकांना बऱ्याच ठिकाणी सवलतीचे तिकीट मिळते. पासपोर्ट जवळ बाळगा आणि सवलत मागून घ्या.

विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत, शक्यतो पांढरे कपडे. चपला व टोपी बाहेर. दुपारी दगड तापतात म्हणून मोजे ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अपमान समजतात. अंगावर बुद्धाचे चित्र गोंदलेले असेल तर ते झाका. २०१४ साली एका परदेशी बाईला एवढ्याच कारणावरून परत पाठविले होते. पौर्णिमेला सुटी असते आणि मद्यविक्री बंद. शाकाहारी मंडळींनी नारळाच्या चटणीतही सुक्या मासळीचा चुरा असतो हे ध्यानात ठेवावे.

खर्च एकट्याने करण्यापेक्षा वस्तीतील चार-पाच कुटुंबांनी मिळून जावे. वर्षभर दरमहा ठरावीक रक्कम एका खात्यात भरावी, खाते दोघांच्या सहीने चालवावे, आणि परत आल्यावर पै-पैचा हिशेब विहाराच्या फलकावर लावावा. मिहिंतलेच्या शिलापटांनी हजार वर्षांपूर्वी तेच शिकविले आहे.

पुढील लेखात सहलीला जाणाऱ्या ज्येष्ठांनी पायांची तयारी तीन महिने आधीपासून कशी करावी, ते पाहू. तोवर घराचा जिना तरी चढत-उतरत राहा.

जयभीम! नमो बुद्धाय!